ठकूआत्याचं पुण्यातलं बिऱ्हाड

दर रविवारी सकाळी, आम्ही पोरी अजून पांघरुणात असताना, ठकूआत्या दारात उभी राहून ओरडायची, "बिऱ्हाड उचला गं!" की संपलं. गाद्या गुंडाळायच्या, कपडे चादरीत बांधायचे, भांडी पोत्यात भरायची, पुस्तकं सॅकमध्ये कोंबायची आणि सगळं डोक्यावर-पाठीवर घेऊन अंगणात ओळीनं उभं राहायचं. मग आत्या प्रत्येकीभोवती फेरी मारायची आणि गाठी ओढून बघायची. खोलीत काही मागं राहिलेलं सापडलं, की ते पुढच्या खेपेला गावी परत. "जे उचलवत न्हाय ते आपलं न्हाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. आमच्यातल्या सोनालीचा केस वाळवायचा ड्रायर असाच तिच्या गावी, सोमेश्वरनगरला परत गेला. फेरी झाली की म्हणायची, "जावा, लावा परत." इंजिनिअरिंग शिकणाऱ्या, हातात मोबाइल असलेल्या पोरींकडून ही बाई भर पुण्यात ही कवायत करून घ्यायची आणि शेजारच्या बंगल्यातली माणसं चहाचा कप घेऊन गॅलरीत बघायला यायची. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं.

ठकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घर सणसरच्या शिवारात, कालव्याच्या अंगाला. आता दारात ऊस आहे, दोन म्हशी आहेत. पण मी लहान असेपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. दिवाळी झाली की आमची माणसं मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायची आणि पावसाच्या आत माघारी यायची. पुरुष मेंढरांमागं, बायका घोड्यांवर संसार लादून पुढं. आज या शेतात तळ, उद्या त्या. त्या चालत्या संसाराची कारभारीण ठकूआत्या होती. नवरा तरुणपणीच गेलेला, पोरबाळ नव्हतं; पण घोडी, कोंबड्या, भांडी, म्हातारी माणसं, रांगती पोरं असं सगळं लटांबर ती घाट उतरवून न्यायची आणि एक वाटीसुद्धा न हरवता परत आणायची.

पुढं जिकडंतिकडं ऊस झाला. चरायला रान उरलं नाही. तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं विकली आणि स्लॅबचं घर बांधलं. आत्या त्या घरात राहायची खरी, पण पाहुण्यासारखी. भिंतीला टेकून बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. उशाला गाठोडं, अंगावर घोंगडं. कुणी विचारलं, "आक्का, बरं हाय का?" तर म्हणायची, "आज हाय हितं." वर्षानुवर्षं तिचं ते 'आज' चाललं होतं.

मला पुण्यात प्रवेश मिळाला तेव्हा तात्यांनी वस्तीवर पेढे वाटले. सरकारी सवलतीत फी माफ होती. पण फी माफ झाली म्हणून पोट माफ होत नाही, हे पुण्यात उतरल्यावर कळलं. 'कॉट बेसिस' हा शब्द मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. खोली नाही, नुसती खाट भाड्यानं! त्या खाटेला डिपॉझिट. खानावळ वेगळी, गरम पाणी वेगळं, मोबाइल चार्जिंगला प्लग हवा तर त्याचेही वेगळे. वर्गात कुणाचा वाढदिवस आला की वर्गणी आली. दुसऱ्या वर्षी मी खानावळीतलं संध्याकाळचं जेवण बंद केलं आणि 'डाएट आहे' म्हणून सांगितलं. शेजारच्या खाटेवरची अश्विनी वडगाव निंबाळकरची, घरी गोठाभर गायी, दुधाचा नुसता पूर. तिचंही 'डाएट'च चाललं होतं. आम्ही दोघी एकमेकींच्या पोटाचे आवाज ऐकत गणितं सोडवायचो.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीत तात्यांनी हात टेकले. "अर्चे, मला आता रेटत न्हाय. बारामतीला कॉलेजं हाईत की. घरचं खा, यष्टीनं जाऊन-यिऊन कर." बोलताना त्यांना मान वर करवत नव्हती, ते मला दिसत होतं, तरी मी अद्वातद्वा बोलले. मधेच कॉलेज बदलायचं म्हणजे वर्ष तर जाणारच, वर तिकडं जागा मिळेलच याचा काय भरवसा? मी रडत होते, आई मधे पडत होती, आणि आत्या ओट्यावर बसून शेळीला पाला घालत होती. आत न बघताच ती तात्यांना म्हणाली, "बाळू, मी जाती हिच्यासंगं."

"तू? पुण्यात जाऊन काय करशील आक्का?"

"काय म्हंजी? तळ टाकीन. कोकणात जायचो तवा तितं काय आपला बंगला हुता?"

तात्यांना हसावं का रडावं कळेना. शेवटी कबूल झाले, पण एका अटीवर. घरातलं दाणा-गोटा लागेल तेवढं न्यायचं. रोख मात्र ते देत होते तेवढंच, वर छदाम नाही. आणि जूनच्या परीक्षेआधी मधेच जागा गेली तर दुसरी शोधायची नाही. "मंग पुन्ना पुण्याचं नाव काढायचं न्हाय. सरळ घरी." आत्या म्हणाली, "कबूल." माझ्या वतीनं परस्पर!

पुण्यात जागा शोधताना आत्यानं माझ्या नाकी नऊ आणले. सोबत अश्विनी आणि तिची मैत्रीण सोनाली होती. एजंटानं एक फ्लॅट दाखवला आणि एका महिन्याचं भाडं दलाली मागितली. आत्यानं विचारलं, "घर तुझं हाय का?" तो म्हणाला, "नाही आजी, मी फक्त दाखवतो." "मंग दावल्याचा च्या पी आन जा बाबा." तो गेला तो पुन्हा फोन उचलीना. दुसरीकडं मालकानं 'नॉनव्हेज चालणार नाही' म्हटल्यावर आत्यानं त्याला, मेंढराचं काळीज कसं भाजावं, ते सविस्तर सांगितलं. कॉलेज सुरू झालं होतं, आम्ही अश्विनीच्या लांबच्या मावशीकडं हॉलमध्ये पडलो होतो आणि मावशीचं तोंड रोज थोडं थोडं उतरत चाललं होतं. माझा जीव नुसता टांगणीला.

एक दिवस आत्या एकटीच गल्ल्यागल्ल्या फिरून आली आणि म्हणाली, "रान घावलं." कर्वेनगरात एक जुना बंगला होता. मालकीण लेलेबाई, एकट्या, गुडघ्यांनी हैराण. मुलगा निखिल बंगळूरला. मागच्या दोन खोल्या नुसत्या कुलपात. आम्ही गेलो तेव्हा आत्या त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसली आणि तिनं सरळ मेंढरांचा व्यवहार काढला.

"बाई, आमी शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायचो. रातभर मेंढरं बसली की त्येच्या रानाला खत, आन आमाला दाणं. कुणाचं कुणावर उपकार न्हाईत. आता मेंढरं न्हाईत. ह्या पोरी हाईत. ह्या तुमच्यात बसवू द्या."

लेलेबाई बघतच राहिल्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि खत कसलं मिळणार मला?"

"रातीला घरात माणूस. डाक्तरकडं जाताना खांदा. आन गरम भाकरी."

लेलेबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही सामान टाकलं. तात्यांच्या पैशात बसेल एवढं भाडं, डिपॉझिट नाही, जूनअखेरपर्यंत तोंडी शब्द. आत्यानं रीतीप्रमाणं उंबऱ्यावर भंडारा उधळला आणि लेलेबाईंचा पांढराशुभ्र सोफा हळदीनं पिवळा झाला. झालं, आता निघा म्हणतील, असं मला वाटलं. पण त्या सोफ्यावर चादर टाकून मोकळ्या झाल्या.

तिथं आम्ही पोटभर जेवायला लागलो. ज्वारीचं पीठ सणसरचं, शेंगदाणे आणि तूप वडगावचं, गूळ-काकवी सोमेश्वरनगरची. जी गावी जाईल तिनं येताना पोतं आणायचं. काही विकत घ्यायचं झालं तर आत्याची परीक्षा असे: दुकानापासून घरापर्यंत ते स्वतः उचलून आणायचं. मला अभ्यासाला टेबल हवं होतं, ते असंच राहिलं. "मांडीवर ल्हे की. मांडी काय म्हागली व्हय?" मी चिडून म्हणायचे, "आत्या, आपण इथं राहायला आलोय, मुक्काम टाकायला नाही." त्यावर ती माझ्याकडं अशी बघायची, जशी काही मीच अडाणी.

दुपारी ती लेलेबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळायची आणि तळाच्या गोष्टी सांगायची. त्यातली एक रीत तिनं कितीदा तरी सांगितली असेल. शेतकऱ्यानं पेरणीचं नुसतं नाव काढलं की तळ उठवायचा. दुसऱ्यांदा सांगायची वेळ त्याच्यावर आणायची नाही. आणि उठलेला तळ परत बसवायचा असेल, तर शेतकऱ्यानं स्वतः नारळ घेऊन यायचं.

"आणि नाही आला तर?" लेलेबाई विचारायच्या.

"न्हाय तर पुढचं रान, बाई."

मेच्या अगदी शेवटी निखिल आला. माणूस वाईट नव्हता, पण घरात तीन परक्या पोरी आणि अंगणात वाळत घातलेल्या कुरडया बघून गोंधळला. परीक्षा सोमवारी सुरू होणार होती आणि हे शुक्रवारी. आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडं न्यायला गाडी काढताना त्यानं आत्याला सहज विचारलं, "मावशी, पावसाआधी मागच्या खोल्यांचं काम काढायचं म्हणतोय. तुमचं काय ठरलंय?" एवढंच. आणि दोघं गेले.

आत्या आत आली. चेहरा नेहमीचाच. म्हणाली, "उचला गं बिऱ्हाड."

"आज शुक्रवार आहे आत्या," अश्विनी म्हणाली.

"त्येनं पेरणी काढली. उठायचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ओरडले, "त्यानं नुसतं विचारलं! जा म्हणाला का? आणि बाईंनी जूनपर्यंतचा शब्द दिलाय ना? सोमवारी माझा पेपर आहे. आता बाहेर पडलो तर तात्या मला घरी नेणार. तुला कळतंय का, माझं वर्ष जाईल!"

"कळतंय."

"मग?"

"बाईला त्वांड उघडून 'जावा' म्हनायला लावू? त्या घरचं खाल्लंय आपुन." बोलत बोलत तिनं चूल, म्हणजे गॅसची शेगडी, पुसून ठेवली, खोली झाडली, आणि चावी तुळशीच्या कुंडीत ठेवली. रविवारच्या कवायतीमुळं आमचे हात आपोआप चालत होते, याचाच मला जास्त संताप येत होता. तोंडानं नाही म्हणत होते आणि हात गाठी मारत होते.

आत्यानं पुढचा तळ आधीच बघून ठेवला होता. ती तिची सवय. "आता शोधली न्हाय, आदीच बघितलीय," म्हणाली. जवळच्या मंगल कार्यालयाचा रखवालदार इंदापूरचा, त्यानं कोठीची खोली देतो म्हटलं होतं. तिथं गेलो तर लग्नसराई! कोठी गाद्यांनी आणि मांडवाच्या सामानानं छतापर्यंत भरलेली. रखवालदार हात जोडून म्हणाला, "आक्का, तुमी जूननंतर म्हणला हुता." आत्यानं डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, मला तिची भीतीच वाटली. कारण ज्या बाईकडं कायम पुढचं रान असायचं, तिच्याकडं ते आज नव्हतं.

स्वारगेटला आलो. बारामतीची गाडी फलाटाला लागत होती. सोनाली तिच्या एका वर्गमैत्रिणीला फोनवर जागेचं विचारत होती, पण तिथं एकीचीच सोय होत होती. अश्विनी पोत्यावर बसून रडत होती. आत्या गाडीची पाटी बघत म्हणाली, "बाळूला शबूद दिलाय. जागा गेली तर घरी."

"तू दिलायस. मी नाही दिला."

"मंग ऱ्हा. कुठं ऱ्हातीस?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेलेबाई. आत्या म्हणाली, "उचलू नगंस. निघालेल्या तळानं मागं बघायचं नसतं." मी तिच्याकडं पाठ फिरवली आणि फोन घेतला. पलीकडून बाई एका दमात म्हणाल्या, "कुठं आहात तुम्ही? घर झाडून गेलात? मला न सांगता?" मी स्वारगेट म्हणाले. फोन बंद झाला.

गाडीत माणसं चढायला लागली. कंडक्टर म्हणाला, "पोती टपावर टाका." आत्यानं पहिलं पोतं उचललं. मी ते धरून ठेवलं. ती एकीकडं ओढतेय, मी दुसरीकडं, आणि कंडक्टर कपाळाला हात लावून उभा. "आत्या, ही जाऊ दे. पुढच्या गाडीनं जाऊ," मी म्हणाले. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पोतं खाली ठेवलं. गाडी गेली.

त्यापुढचा वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. आत्या ताठ उभी, आम्ही तिघी तिच्याभोवती. पुढची गाडी लागली. आत्या पुन्हा पोत्याकडं वाकली, आणि तेवढ्यात गर्दीतून निखिलच्या दंडाला धरून, एकेक पाऊल टाकत, लेलेबाई आल्या. घामाघूम झाल्या होत्या. त्यांच्या हातात पिशवी होती. पिशवीतून त्यांनी नारळ काढला.

"ठकूबाई, विचारलं याने. मी नाही. रान माझं आहे," त्या म्हणाल्या. मग नारळ पुढं केला. "असाच द्यायचा असतो ना? सोललेला नाही मिळाला घाईत. चालेल का?"

आत्यानं नारळ घेतला. कानाशी धरून हलवला. "पाणी हाय," म्हणाली. पदरात बांधला, नाक ओढलं आणि आमच्यावर खेकसली, "बघताय काय? उचला बिऱ्हाड!" निखिलनं मुकाट्यानं ज्वारीचं पोतं खांद्यावर घेतलं. रिक्षापर्यंत जाताना तो दोनदा थांबला आणि आत्या त्याच्या मागून म्हणत होती, "उचलवतंय का बघ रं बाबा. न्हाय तर दे हिकडं."

सोमवारी मी पेपर दिला. पुढचं वर्षही आम्ही तिथंच काढलं. मागच्या खोल्यांचं काम आमच्या निकालानंतर निघालं. मला पुण्यातच नोकरी लागली तेव्हा आत्या सणसरला परत गेली, जाताना लेलेबाईंच्या गळ्यात पडून रडली आणि लगेच डोळे पुसून म्हणाली, "चला, औंदाचं रान सपलं." मी भाड्यानं घेतलेल्या घरात आता टेबल आहे. ते मी दुकानातून स्वतः उचलून आणलं, दोन मजले.

आत्या या उन्हाळ्यात गेली. त्याच्या काही दिवस आधी ती बारामतीच्या दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागायची. एका सकाळी डॉक्टर आले, तरुण होते, तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "आजी, आता घरी गेलात तरी चालेल." तात्यांना अर्थ कळला, ते खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. आत्यालाही कळला. ती उठून बसली आणि म्हणाली, "अर्चे, बिऱ्हाड."

मी जिना उतरून खाली गेले. दवाखान्याच्या दारात फळांची गाडी होती, तिथून नारळ घेतला. गाडीवाला सोलायला लागला, त्याला म्हटलं, राहू दे, असाच दे. वर येऊन तो आत्याच्या मांडीवर ठेवला.

तिनं नारळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तो कानाशी नेऊन हलवला. "पाणी हाय," म्हणाली. कितीतरी वेळ तो हातात धरून बसली. मग माझ्या हातात परत दिला आणि माझे हात त्यावर दाबून धरले.

"रान चांगलं हाय गं तुजं," ती म्हणाली. "पर औंदा न्हाय."

तात्यांनी उशाचं गाठोडं घेतलं. जीप खाली उभी होती. जिना आत्याला उतरता येणार नव्हता, म्हणून मी एक हात तिच्या पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घातला. ती सहज उचलली गेली.